एका पडेल सिनेमातली चोरी आणि शंभर वर्षांची एक परीक्षा

१२ मार्च २०१९ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या सरकारी वकिलांनी एका घोटाळ्याची घोषणा केली. पहिल्याच दिवशी पन्नास आरोपी. त्यात हॉलिवूडच्या दोन नट्या, मोठमोठे वकील, गुंतवणूकदार आणि नामांकित विद्यापीठांचे क्रीडा प्रशिक्षक. आपल्या पोरांना चांगल्या कॉलेजात घुसवण्यासाठी आईबापांनी लाखो डॉलर मोजले, हा आरोप. एफबीआयने या तपासाला सांकेतिक नाव दिलं होतं 'ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज'. हे नाव १९९९च्या एका टीनएज सिनेमाचं. टेक्सासमधल्या हायस्कूल फुटबॉलवरचा सिनेमा, दिग्दर्शक ब्रायन रॉबिन्स.

आता गंमत बघा. याच ब्रायन रॉबिन्सने पाच वर्षांनी, जानेवारी २००४मध्ये, आणखी एक टीनएज सिनेमा आणला होता. त्याचा विषयच कॉलेज प्रवेश परीक्षेतली चोरी. नाव 'द परफेक्ट स्कोर'. म्हणजे एफबीआयवाल्यांनी दिग्दर्शक बरोबर पकडला, सिनेमा तेवढा चुकीचा निवडला!

आज या दुसऱ्या सिनेमाबद्दल लिहायचंय. खरं तर सिनेमाच्या निमित्ताने त्या परीक्षेबद्दल. आपल्याकडे पेपर फुटला की दोन गट पडतात. एक म्हणतो परीक्षाच बंद करा, दुसरा म्हणतो चोरांना फासावर चढवा. या दोघांच्या मधे जे आहे त्याचा शंभर वर्षांचा इतिहास अमेरिकेत तयार पडलाय. आपण तो वाचत नाही एवढंच.

आधी सिनेमा. सहा मुलं, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनची. सॅट नावाची परीक्षा त्यांच्या बोकांडी बसलीय. एकाला (हा आपला नंतरचा कॅप्टन अमेरिका, ख्रिस इव्हान्स) वास्तुविशारद व्हायचंय आणि त्यासाठी कॉर्नेलच हवंय. दुसऱ्याला मैत्रीण आहे त्याच कॉलेजात जायचंय. एक मुलगी शाळेत दुसरी येते, पण परीक्षेच्या हॉलमध्ये तिचं डोकं बधिर होतं. एक बास्केटबॉलपटू आहे, त्याला संघात जागा मिळायला किमान ९०० गुण लागतात. एक जण कायम गांजाच्या धुंदीत असतो आणि गोष्ट तोच सांगतो. सहावी स्कार्लेट योहान्सन, जिच्या बापाच्या मालकीच्या इमारतीत परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं ऑफिस आहे. मग काय, रात्री घुसून उत्तरं चोरायचा बेत ठरतो.

समीक्षकांनी सिनेमा झोडपला आणि ते काही अगदीच चूक नव्हते. विनोद बेतास बात आहेत, शेवट गुळमुळीत आहे. पण त्यात एक जागा अशी आहे की मी ती कधी विसरलो नाही. एवढा खटाटोप करून पोरं संगणकापर्यंत पोचतात, तर उत्तरं छापून घ्यायची सोयच नसते. मग ती सहा जणं तिथेच बसकण मारतात आणि रात्रभर पेपर मिळून सोडवतात. ज्याला जे येतं ते त्याने सांगायचं. चोरी करायला गेलेली मुलं अभ्यास करून बाहेर येतात! आणि त्यातला सगळ्यांत हुशार निघतो तो शाळेने ओवाळून टाकलेला गांजेकस. लेखकांना कळलं असो वा नसो, पण या परीक्षेवरचे सगळे वाद त्या एका प्रसंगात येऊन बसलेत.

प्रिन्स्टन हे गाव सिनेमावाल्यांनी उगाच निवडलेलं नाही. सिनेमा आला तेव्हा सॅट घेणारी संस्था होती ईटीएस, म्हणजे एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, आणि तिचा पत्ता प्रिन्स्टनचाच. टोफेल, जीआरई दिलेल्या मराठी मुलांना हा पत्ता तोंडपाठ असायचा. आणि ज्याने सॅट बनवली तो कार्ल ब्रिगहॅम हा माणूसही प्रिन्स्टन विद्यापीठातला मानसशास्त्राचा प्राध्यापक.

या ब्रिगहॅमची गोष्ट नीट सांगायला हवी.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सतरा लाखांच्या आसपास सैनिकांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली होती. मानसशास्त्रज्ञांना एवढा ढीगभर डेटा पहिल्यांदाच मिळाला. त्यावर ब्रिगहॅमने १९२३मध्ये पुस्तक लिहिलं आणि निष्कर्ष काढला की उत्तर युरोपातली 'नॉर्डिक' माणसं बुद्धीने श्रेष्ठ. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे, ज्यू आणि कृष्णवर्णीय खालचे. स्थलांतरितांमुळे अमेरिकेची बुद्धी घसरतेय, असा एकूण सूर. पुढच्याच वर्षी अमेरिकेने स्थलांतरावर कडक निर्बंध घालणारा कायदा केला, आणि त्या काळच्या हवेत असल्या पुस्तकांचा वास भरलेला होता. खरं म्हणजे त्या चाचणीत काय मोजलं गेलं? नुकतंच बोटीतून उतरलेल्या माणसाला अमेरिकन जाहिराती आणि खेळाडू किती माहीत आहेत, हे. जो देशात जास्त वर्षं राहिला त्याला जास्त गुण पडत होते आणि हे आकडे ब्रिगहॅमच्या समोर होते. त्याने त्याचा अर्थ उलटा लावला.

तीच लष्करी चाचणी सुधारून त्याने कॉलेजात येणाऱ्या मुलांसाठी परीक्षा तयार केली. २३ जून १९२६ रोजी ती पहिल्यांदा झाली. आठ हजारांवर मुलं बसली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न. जरा हिशेब करा, एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत. नाव 'स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट'. अ‍ॅप्टिट्यूड, म्हणजे अंगभूत कुवत. शिकलेलं नाही, जन्माला येताना आणलेलं.

आणि याच १९२६ साली तिकडे हार्वर्डमध्ये काय चाललं होतं? तिथले अध्यक्ष लॉवेल ज्यू विद्यार्थ्यांच्या वाढत्या संख्येने हैराण झाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रवेश परीक्षा पास व्हा आणि आत या, असा साधा मामला होता. न्यू यॉर्क, बोस्टनच्या गरीब ज्यू वस्त्यांतली पोरं ती परीक्षा धडाधड पास व्हायला लागली. १९२२च्या सुमाराला हार्वर्डच्या पहिल्या वर्गात पाचात एक ज्यू होता. लॉवेलनी सरळ कोटा घालायचा प्रस्ताव आणला, त्यावर गदारोळ झाला, तो बारगळला. मग १९२६मध्ये दुसरी वाट काढली. प्रवेशाची संख्या हजारावर बांधायची, आणि निवडताना नुसते गुण न बघता मुलाचं 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' बघायचं. अर्जासोबत फोटो लावायचा. मुलाखत घ्यायची. शिफारसपत्रं आणायची.

आज अमेरिकन कॉलेजच्या अर्जात जे निबंध, शिफारसी, खेळ, समाजसेवा, 'सर्वांगीण मूल्यमापन' वगैरे असतं ना, त्याचा उगम हा. आपली एनआरआय भावंडं त्यावर फार भाळलेली असतात. तिकडे बघा, नुसते मार्क बघत नाहीत, मुलाचा सर्वांगाने विचार करतात! करतात, पण तो विचार सुरू झाला तो नको ती मुलं बाहेर ठेवायला. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५मध्ये 'द चोझन' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहून हा सगळा पत्रव्यवहार उजेडात आणलाय. वाचताना अनेक ठिकाणी मला आपल्याकडच्या मुलाखतीतले 'पर्सनॅलिटी'चे गुण आठवत होते.

तर १९२६ साली अमेरिकेत दोन दारं एकाच वेळी बसवली गेली. एक परीक्षेचं, वंशवादी माणसाने बनवलेलं. दुसरं व्यक्तिमत्त्वाचं, ज्यूद्वेष्ट्यांनी बनवलेलं. आजवर सगळी भांडणं या दोन दारांतली आहेत.

ब्रिगहॅमबद्दल एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. १९३०मध्ये त्याने स्वतःचं पुस्तक जाहीरपणे मागे घेतलं. वंशांच्या तुलनेचा आपला सगळा डोलारा पायाविना होता, असं शास्त्रीय नियतकालिकात छापून कबूल केलं. किती विद्वान असं करतात? पुढे सगळ्या परीक्षा एका कायमस्वरूपी संस्थेच्या हाती द्यायची कल्पना निघाली, तेव्हा त्यानेच विरोध केला. परीक्षा विकणारी संस्था परीक्षेची चिकित्सा करणार नाही, ही त्याची भीती होती. तो १९४३मध्ये वारला. त्याचा अडसर गेला. १९४७च्या अखेरीस ईटीएस स्थापन झाली.

ती उभी केली हेन्री चॉन्सी या माणसाने, आणि त्याच्या पाठीशी होते हार्वर्डचे नवे अध्यक्ष जेम्स कॉनंट. कॉनंट रसायनशास्त्रज्ञ, पुढे अणुबॉम्बच्या प्रकल्पातही त्यांचा मोठा हात होता. १९३३मध्ये ते हार्वर्डला आले तेव्हा तिथे श्रीमंत बोर्डिंग शाळांतली पोरं भरलेली असायची. कॉनंटना मध्य अमेरिकेतल्या कुठल्या तरी खेड्यातला हुशार मुलगा शोधून, शिष्यवृत्ती देऊन आणायचा होता. पण शोधायचा कसा? विषयांची परीक्षा घ्यावी तर चांगल्या शाळेतलाच पुढे जाणार. म्हणून त्यांना अशी परीक्षा हवी होती की जिच्यावर शाळेचा परिणामच होणार नाही, जी थेट बुद्धी मोजेल. चॉन्सीने सॅट आणून समोर ठेवली.

हेतू चांगला होता की नाही? होता. मला कॉनंटचा हा भाग नेहमी आवडतो. पण बघा, ज्याने परीक्षा बनवली तो तोवर 'अंगभूत बुद्धी' या कल्पनेतून बाहेर पडला होता, आणि ज्याला ती वापरायची होती तो त्याच कल्पनेला धरून बसला होता. पुढे महायुद्धात, १९४२ साली, जुन्या निबंधवजा विषय-परीक्षा कायमच्या बंद झाल्या आणि सॅटच उरली. कोरियाच्या युद्धात तर ईटीएसने सरकारसाठी आणखी एक चाचणी घेतली. तीत ७०च्या वर गुण पडले तर कॉलेजच्या मुलाला सक्तीच्या लष्करी भरतीतून तूर्त सवलत. म्हणजे पर्यायी प्रश्न चुकला तर बंदूक उचला. आपण परीक्षेला उगाच जीवनमरणाचा प्रश्न म्हणतो!

आता येतो माझा सगळ्यांत आवडता माणूस. स्टॅन्ली कॅप्लान, ब्रुकलिनचा, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. कॉलेजात अव्वल, पण मेडिकलला अर्ज केले तर सगळीकडून नकार. ज्यू, त्यातून फुकटच्या सरकारी कॉलेजातला. मग पठ्ठ्याने १९३८मध्ये घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या. १९४६ला एक मुलगी सॅटची तयारी करून द्या म्हणून आली. कॉलेज बोर्डाचं अधिकृत म्हणणं असं की या परीक्षेची तयारी करताच येत नाही, कारण ती अंगभूत कुवत मोजते. कॅप्लानला ते काही पटलं नाही. भाषा आणि गणित आहे ना, मग शिकवता येणारच. त्याने शिकवलं आणि मुलांचे गुण वाढले.

पेपर तर गुप्त असायचे, मग त्याला प्रश्न कसे कळायचे? परीक्षा संपली की तो आपल्या मुलांना पिझ्झा पार्टी द्यायचा. सुटलो बाबा एकदाचे, या नावाची पार्टी. पिझ्झा खाता खाता पोरं आठवतील ते प्रश्न सांगायची, कॅप्लान ते साठवायचा. सिनेमातल्या मुलांनी छतातून उड्या मारल्या, याने पिझ्झावर भागवलं. आपल्याकडे परीक्षा सुटल्यावर गेटबाहेर क्लासवाल्यांची माणसं 'काय आलं होतं रे' करत उभी असतात, तेच हे. लातूर, कोटा, नांदेड सगळ्यांचा मूळपुरुष म्हणून ब्रुकलिनच्या तळघरात एखादी तसबीर लावायला हरकत नाही.

संस्था तीन दशकं म्हणत राहिली की क्लासचा उपयोग नाही. १९७९मध्ये अमेरिकन सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. सरकारला वाटत होतं क्लासवाले लोकांना फसवत असतील. निघालं भलतंच. क्लासमुळे काही मुलांचे गुण खरोखर वाढतात असं दिसलं. क्लासवाल्यांसाठी याहून मोठी जाहिरात कुठली? पाच वर्षांत कॅप्लानने आपली कंपनी वॉशिंग्टन पोस्टच्या मालकांना विकली. आणि परीक्षेचा पायाच खचला, कारण शिकवून वाढते ती अंगभूत कुवत कशी? १९९०च्या दशकात त्यांनी नावातला 'अ‍ॅप्टिट्यूड' काढून 'असेसमेंट' घातला. मग तेही काढलं. आज सॅट या तीन अक्षरांचा अधिकृतपणे काहीही अर्थ नाही. नुसती सॅट.

त्याच १९७९ साली न्यू यॉर्क राज्याने कायदा केला की परीक्षा झाल्यावर प्रश्न आणि उत्तरं मुलांना दाखवायची. संस्थेने कडाडून विरोध केला. खर्च वाढेल, प्रश्न संपतील वगैरे. लवकरच दुसरीकडच्या मुलांनाही पेपर बघायला मिळू लागले, आणि १९८१मध्ये फ्लॉरिडातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने सॅटच्या पूर्वपरीक्षेतलं एक उत्तर चुकीचं असल्याचं दाखवून दिलं. प्रश्न असा: एक पिरॅमिड आहे, तळ चौकोनी आणि चार बाजू समभुज त्रिकोणाच्या, म्हणजे एकूण पाच पृष्ठं. दुसरा चार समभुज त्रिकोणांचा, चार पृष्ठांचा. सगळे त्रिकोण सारख्याच मापाचे. त्रिकोणाला त्रिकोण लावून दोन्ही चिकटवले तर बाहेर किती पृष्ठं दिसतील? संस्थेचं उत्तर सात. पाच अधिक चार, वजा चिकटलेली दोन. पोराने मॉडेल बनवून दाखवलं की चिकटवल्यावर दोन्हीकडच्या बाजू एकाच पातळीत येतात, दोन जोड्या सपाट होऊन जातात, आणि उरतात पाच. जाड कागद घ्या आणि करून बघा, आमच्याकडे संध्याकाळ गेली त्यात. सुमारे दोन लाख चाळीस हजार मुलांचे गुण वाढवावे लागले.

एक प्रश्न विचारतो. तो पेपर मुलांच्या हाती पडलाच नसता तर? तज्ज्ञांच्या किती डोळ्यांखालून तो प्रश्न गेला असेल! आपल्याकडे उत्तरतालिका जाहीर होते, आक्षेप घेता येतात, त्याचे पैसे भरावे लागतात म्हणून आपण कुरकुरतो, ती कुरकुर योग्यच आहे. पण मुळात हा हक्क कुणीतरी भांडून मिळवलेला असतो.

दुसरा गाजलेला प्रश्न भाषेचा. धावणारा आणि मॅरेथॉन यांचं जे नातं, तेच वल्हेकरी आणि कशाचं? उत्तर 'रिगाटा', म्हणजे नौकांची शर्यत. यॉट क्लबात वाढलेल्याला झोपेत येईल. शिकागोच्या झोपडवस्तीतल्या मुलाने रिगाटा कुठे बघायची? हे बुद्धीचं मोजमाप की बापाच्या बोटीचं? २००५मध्ये असे जोड्यांचे प्रश्नच काढून टाकले गेले. कारण २००१मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन, स्वतः मानसशास्त्रज्ञ, यांनी ही परीक्षा प्रवेशातून काढून टाकायचा प्रस्ताव मांडला होता. बारा वर्षांची मुलं वर्गात धडे सोडून असल्या जोड्या घोकताना त्यांनी पाहिली होती. सॅटचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हातचं जातंय म्हटल्यावर परीक्षा बदलली. निबंध आला, एकूण गुण १६०० चे २४०० झाले, पुढे २०१६ला परत १६००.

'द परफेक्ट स्कोर' आला तो नेमका या मधल्या काळात. त्यातली मुलं आपसात जो वाद घालतात, परीक्षा काळ्यांविरुद्ध आहे का, मुलींविरुद्ध आहे का, ती मोजते तरी काय, तो वाद त्या दोन-तीन वर्षांत वर्तमानपत्रांतून रोज चालू होता.

खऱ्या चोऱ्या मात्र सिनेमासारख्या झाल्या नाहीत. एक प्रकार आशियात झाला. बाहेरच्या देशांत जुनेच प्रश्न पुन्हा वापरले जात आणि क्लासवाल्यांनी त्यांचे साठे केले होते. मे २०१३मध्ये पेपर आधीच फिरल्याच्या संशयावरून अख्ख्या दक्षिण कोरियातली सॅट रद्द झाली. घड्याळातल्या वेळेच्या फरकाचा फायदा घेऊन पूर्वेकडची उत्तरं पश्चिमेकडे पाठवायचे आरोपही झाले. यावरच २०१७मध्ये थायलंडमध्ये 'बॅड जीनियस' सिनेमा आला. मिळाला तर जरूर बघा, रॉबिन्सच्या सिनेमापेक्षा कितीतरी सरस आहे.

दुसरा प्रकार व्हर्सिटी ब्लूज. रिक सिंगर हा कॅलिफोर्नियाचा प्रवेश सल्लागार. तो पालकांना सांगायचा की पुढचं दार म्हणजे पोराने स्वतः मिळवलेला प्रवेश. मागचं दार म्हणजे कॉलेजला कोट्यवधींची देणगी, पण त्यात खात्री नाही. माझ्याकडे बाजूचं दार आहे, खात्रीचं आणि स्वस्त. त्यातली एक युक्ती परीक्षेची. मुलाला शिकण्यात अडचण आहे असा दाखला काढायचा, त्यावर जादा वेळ मिळवायचा, ठरलेल्या केंद्रावर परीक्षेला बसवायचं, आणि सिंगरचा हुशार माणूस पर्यवेक्षक म्हणून बसून उत्तरं दुरुस्त करणार. आपल्याकडे डमी बसवतात, तिकडे डमी पर्यवेक्षक. फेलिसिटी हफमनने यासाठी १५,००० डॉलर दिले आणि तिला चौदा दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. दुसरी युक्ती खेळाची. प्रशिक्षकाला लाच देऊन मुलाला खेळाडू दाखवायचं. एका नटीच्या दोन मुली अशाच नौकानयनपटू झाल्या, व्यायामाच्या वल्हवायच्या मशीनवर बसून फोटो काढले होते. घ्या, रिगाटा अखेर आलीच!

पालकांनी दिलेली रक्कम एकूण अडीच कोटी डॉलरच्या घरात होती. सिंगरला २०२३मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मागच्या दाराबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही, कारण ते कायदेशीर आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग काढून टाका ना ती परीक्षा. त्यांनी तेही करून पाहिलं. मे २०२०मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने सॅट बंद करायचं ठरवलं. कोविडमध्ये केंद्रंच बंद, म्हणून बहुतेक सगळ्या कॉलेजांनी ती ऐच्छिक केली. आणि मग २०२२मध्ये एमआयटीने ती परत सक्तीची केली. २०२४मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड एकेक करून परतले. डार्टमथने दिलेलं कारण विचार करण्यासारखं आहे. ऐच्छिक असताना गरीब घरची, साध्या शाळांतली मुलं आपले गुण कमी समजून कळवतच नव्हती. त्यांच्या परिस्थितीच्या मानाने ते गुण उत्तम होते, ते दिसले असते तर त्यांना प्रवेश मिळाला असता. गुण नसल्यावर उरले काय? निबंध, शिफारसी, आफ्रिकेत जाऊन केलेली समाजसेवा.

हार्वर्डच्या राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये आकडे मांडले. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलाला १३००च्या वर गुण पडायची शक्यता गरीब घरातल्या मुलाच्या तेरापट. म्हणजे परीक्षा श्रीमंतांच्या बाजूची आहेच. पण त्यांनीच दुसरंही दाखवलं. दोन मुलांचे गुण अगदी सारखे असले, तरी त्या एक टक्क्यातल्या मुलाला बड्या खासगी कॉलेजांत जागा मिळायची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त. ही दुप्पट येते कुठून? बाप तिथेच शिकला म्हणून मिळणाऱ्या सवलतीतून, खेळांच्या जागांतून आणि 'व्यक्तिमत्त्वा'च्या गुणांतून. १९२६चं ते दुसरं दार अजून तसंच उघडं आहे.

मला इथे आपलं नीट आठवतं. ५ मे २०२४ची परीक्षा, तेवीस लाखांहून जास्त मुलं, आणि निकालात सुरुवातीला ६७ जणांना ७२० पैकी ७२०. हजारीबागच्या केंद्रावर पेटी उघडून पेपर काढला आणि डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांकडून तो सोडवून घेतला, असं सीबीआयने सांगितलं. लातुरातही अटका झाल्या. तेव्हापासून माझ्या ओळखीत ज्याला त्याला नीट नकोय. तमिळनाडूचं म्हणणं तर आधीपासून तेच आहे, आणि क्लासशिवाय नीट पास होणं खेड्यातल्या मुलाला अवघड आहे हा त्यांचा मुद्दा खराच आहे. कॅप्लानला विचारा.

पण जे बारावीच्या मार्कांवर परत चला म्हणतात, त्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकातली बारावीची केंद्रं आठवावीत. खिडकीला लटकलेले काका-मामा आठवावेत. आणि खासगी कॉलेजांतला एनआरआय कोटा, मॅनेजमेंट कोटा यांच्यावर कुणी मोर्चा काढलेला मला आठवत नाही. पेपर फोडणारा गुन्हेगार आहे, त्याला २०२४च्या नव्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत कैद आहे. रीतसर पावती घेऊन एक कोटी भरणारा पालक मात्र सत्कारमूर्ती. मला विचाराल तर परीक्षा राहू द्या, पण ती वर्षातून एकदाच नको, तिची चिकित्सा घेणाऱ्या संस्थेच्या बाहेरून व्हावी, आणि मुलाची शाळा, घर बघून गुणांचा अर्थ लावला जावा. ब्रिगहॅमने संस्थेला विरोध केला तो याच कारणाने. शंभर वर्षांपूर्वीचा तो माणूस निदान या एका मुद्द्यावर आपल्या एनटीएच्या पुढे होता.

सॅट आता संगणकावर होते. परदेशात, म्हणजे आपल्या मुंबई-पुण्यातही, मार्च २०२३पासून, अमेरिकेत मार्च २०२४पासून. पहिल्या भागात मुलगा कसा उत्तरं देतो त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते आणि शेजारी बसलेल्या दोघांना सारखेच प्रश्न येत नाहीत. त्यामुळे त्या सहा जणांनी आज ऑफिस फोडलं तर चोरायला काही सापडणार नाही. ब्रायन रॉबिन्स मधल्या काळात पॅरामाउंट पिक्चर्सचा प्रमुख झाला, त्यालाही हा सिनेमा परत काढता येणार नाही.

राहिला तो बास्केटबॉलपटू. सिनेमात त्याला न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्स कॉलेजात खेळायचंय आणि ९०० गुणांचा अडथळा आहे. ही भूमिका केली डेरियस माइल्स या खऱ्या खेळाडूने. तो खरोखरच सेंट जॉन्सला जाणार होता, तसं त्याने ठरवलंही होतं. पण २०००मध्ये, अठराव्या वर्षी, हायस्कूल संपल्या संपल्या एनबीएच्या निवडीत त्याचं नाव तिसऱ्या क्रमांकावर पुकारलं गेलं, आणि तो कॉलेजात न जाता थेट लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे खेळायला गेला.